न वाचता बोट दाबू नका

फेसबुक ही एक मोठी चावडीच आहे. मार्क झुकरबर्ग यांनी ती २००४ साली अमेरिकेत सुरू केली. तिथे बसायला पैसे पडत नाहीत. मग कंपनीचे भागते कसे? जाहिरातींवर. आपल्याला काय आवडते, आपले मित्र कोण, हे ती टिपून ठेवते.

२०११ साली अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने कंपनीवर ठपका ठेवला. माहिती खाजगी ठेवू म्हणता, आणि उघडी करता! कंपनीने सुधारण्याचे कबूल केले.

पण २०१८ साली नवेच उघडकीस आले. एका ॲपने माणसांची माहिती घेतली, आणि न विचारता त्यांच्या मित्रांचीही! ती केंब्रिज ॲनालिटिका या प्रचार-कंपनीकडे गेली. भारतात ॲप घेणारे ३३५. पण झळ पोचली असेल असे लोक सुमारे ५ लाख ६२ हजार. झुकरबर्ग यांनी अमेरिकेच्या संसदेपुढे चूक कबूल केली. २०१९ साली कंपनीला ५०० कोटी डॉलर दंड झाला.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. तो आपणही जपायला हवा. न वाचता अंगठा उठवायचा नाही, हे आपण शिकलो. तसेच न वाचता ‘परवानगी’वर बोटही दाबू नये. आपल्या एका ‘हो’ने शेजाऱ्याचेही दार उघडते.