हातात काहीतरी हवं

फर्दापूरला मुक्काम म्हणजे अजिंठा आलाच. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीने कमळ किती अलगद धरलंय, ते पाहताना मला नातवाचे व्हिडिओ गेम आठवले. वाचक हसतील, हसू देत! हालचालीवर चालणाऱ्या त्या खेळांचाही सारा प्रश्न हाताचाच आहे.

निन्टेन्डोच्या 'वी'ने २००६ साली खेळाडूच्या हाती एक दांडी दिली. मनगटाचा झटका दांडीच मोजायची. सोनीने २०१० मध्ये दांडीवर रंगीत प्रकाशाचा गोळा बसवला आणि कॅमेऱ्याला त्याच्या मागावर लावलं. त्याच वर्षी आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या 'कायनेक्ट'ने हात रिकामेच ठेवले. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त ठिपके पसरून ते अख्खं शरीर टिपायचं.

बँकेत सह्या पडताळण्यात माझी उमेद गेली. सही डोळ्यांना दिसते, पण ती घडते मनगटात. तेव्हा माझा कौल दांडीला. रिकाम्या हाताने टेनिस खेळताना चेंडूचा दणका कसा जाणवणार? 'वी'ची दांडी निदान थरथरते तरी. शिवाय कायनेक्टपुढे सहा फूट मोकळी जागा हवी. दोन खोल्यांच्या संसारात ती आणायची कुठून?

२०१७ मध्ये कायनेक्टचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी आलेल्या निन्टेन्डोच्या 'स्विच'मध्ये दांड्या होत्याच. दोन हातांसाठी दोन.