घराची किंमत कोण करतो?

बैल घेताना आपण जाणता माणूस बरोबर नेतो. तो दात पाहतो, बैल चालवून पाहतो, मग आकडा बोलतो. पण तोच माणूस विकणाऱ्याकडून पैसे खाऊन आला असेल तर?

घराचेही तसेच. अमेरिकेत बहुतेक लोक कर्ज काढून घर घेतात. घर तारण राहते. म्हणून बँक आधी जाणत्या माणसाकडून घराची किंमत करून घेते. त्याला तिकडे अप्रेझर म्हणतात. फी भरतो घर घेणारा, पण माणूस नेमते बँक. गोम इथेच आहे.

अप्रेझरने छापील तक्ता भरायचा असतो. 2005 साली निघालेला तक्ता सहा पानांचा होता. घर कधी बांधले, किती चौरस फूट, तळघरात ओल आहे का, वस्तीत भाव चढताहेत की उतरताहेत, सारे त्यात लिहायचे. खरा जीव मात्र तुलनेच्या पानात. जवळपास नुकतीच विकली गेलेली निदान तीन घरे घ्यायची. त्या घराला मोटारीची खोली आहे, ह्याला नाही, तर त्याच्या किंमतीतून तेवढे वजा. त्याचे स्वयंपाकघर जुने, ह्याचे नवे, तर तेवढे मिळवा. असा हिशेब मांडला की दूर बसलेल्या माणसालाही तो तपासता येतो.

शेवटी सही. अमुक किंमत दाखवीन असे कबूल करून मी हे काम घेतलेले नाही, असे त्या सहीने तो लिहून देतो.

तरीही खोटे झालेच! तक्ता काही घर पाहत नाही, भरणारा पाहतो. किंमत कमी आली की सौदा मोडतो आणि कर्ज जुळवणाऱ्याची दलाली बुडते. मग निरोप यायचा, "एवढा आकडा बसवा, नाहीतर पुढचे काम दुसऱ्याला." बसवणे सोपे होते. जवळची स्वस्त घरे सोडायची, लांबची महाग घरे धरायची. रकाने सगळे भरलेले! न ऐकणाऱ्यांची नावे काळ्या यादीत गेली. 2000 ते 2007 ह्या काळात 11,000 अप्रेझरांनी ह्या दडपणाविरुद्ध सरकारकडच्या अर्जावर सह्या केल्या. 2006 नंतर भाव कोसळले. लाखो लोकांची घरे गेली. कारणे पुष्कळ होती. फुगवलेली किंमत हे त्यातले एक.

2009 साली नियम आला, की ज्याला कर्जावर दलाली मिळते त्याने अप्रेझर निवडायचा नाही. 2010 च्या कायद्याने दडपण आणणेच बेकायदा ठरवले आणि पहिल्या वेळी दिवसाला 10,000 डॉलरपर्यंत दंड ठेवला. चूक दाखवावी, आणखी माहिती द्यावी, हे चालते. हवा तो आकडा लिहून मागणे चालत नाही.

2014 पासून बँकेला ह्या अहवालाची प्रत कर्जदाराला फुकट द्यावी लागते, तीही साधारणपणे व्यवहार पुरा होण्याच्या निदान तीन दिवस आधी. तुमच्या नात्यातले कोणी तिकडे घर घेत असेल, तर त्यांना सांगा, पहिल्यांदा तुलनेचे पान काढा. ती तीन घरे कुठली, किती लांब, कधी विकली गेली, ते बघा.