पराकोटीचा प्रकाश आणि प्लाझ्माचे शास्त्र

थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मालिबू येथील ह्यूज प्रयोगशाळेत माणकाच्या एका लहानशा दांड्यातून पहिला लेसर-किरण मिळविला, तेव्हापासून प्रकाश किती तीव्र करता येईल हा प्रश्न भौतिकीच्या अभ्यासकांना सतत खुणावीत राहिला आहे. आरंभीच्या दहा वर्षांत या बाबतीत जी झपाट्याची प्रगती झाली ती पुढे मात्र खुंटली. आणि खुंटण्याचे कारण प्रकाशाच्या स्वभावातच होते. विवर्धकातील काचेतून किंवा स्फटिकातून तीव्र प्रकाश जाऊ लागला, म्हणजे तो त्या माध्यमाचा अपवर्तनांकच बदलून टाकतो, त्यामुळे आपल्याच योगाने एका रेषेत एकवटत जातो, आणि ज्या विवर्धकाने त्याला बळ द्यावयाचे त्याच विवर्धकाला तडा देऊन मोकळा होतो. शक्ती वाढवावी तर यंत्र जाते, यंत्र राखावे तर शक्ती थांबते, अशी ही कोंडी होती.

ती फोडली रॉचेस्टर विद्यापीठातील जेरार मूरू आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉना स्ट्रिकलंड यांनी, १९८५ साली. त्यांची तजवीज अशी : लेसरचा लघुस्पंद प्रथम सुमारे १.४ किलोमीटर लांबीच्या काचतंतूतून न्यावयाचा. त्यात तांबडा प्रकाश पुढे आणि निळा मागे पडून स्पंद लांबत जातो, व लांबल्यामुळे क्षीण होतो. या क्षीण अवस्थेत त्याला विवर्धकातून निर्धोकपणे वाढवावयाचे, आणि मग विवर्तन-जालकांच्या जोडीवरून अशा रीतीने वळवावयाचे की, पुढे गेलेल्या तांबड्याला लांबचा आणि मागे राहिलेल्या निळ्याला जवळचा मार्ग मिळून दोघेही अखेरीस एकाच क्षणी येऊन पोचावेत. आज जगातील यच्चयावत अतितीव्र लेसर याच युक्तीवर किंवा तिच्या एखाद्या सुधारित रूपावर उभे आहेत. २०१८ सालचे भौतिकीचे अर्धे नोबेल पारितोषिक या दोघांत विभागून मिळाले, तेव्हा तेहतीस वर्षांपूर्वीच्या एका छोटेखानी शोधनिबंधाचे ऋण जगाने उशिरा का होईना मान्य केले, असेच म्हटले पाहिजे.

येथे ऊर्जा आणि शक्ती यांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. तीन ज्यूल ही ऊर्जा म्हणजे पाव शेर डाळीची पुडी जमिनीवरून छातीच्या उंचीपर्यंत उचलण्याइतकीच; पण तीच ऊर्जा ३० फेम्टोसेकंदांत, म्हणजे प्रकाश स्वतः जेमतेम ९ मायक्रॉन अंतर कापतो तेवढ्या अवधीत, ओतली तर त्या अवधीपुरती शक्ती १०० टेरावॅट होते; आणि साऱ्या जगातील विद्युत्-निर्मितीची सरासरी तर तीन टेरावॅटांच्या आसपास आहे. ही शक्ती काही मायक्रॉन रुंदीच्या ठिपक्यावर एकवटली, की दर चौरस सेंटीमीटरला १ या अंकावर १८ शून्ये इतक्या वॅटची मर्यादा सहज ओलांडली जाते. या मर्यादेपलीकडे लक्ष्यातील अणू आपले इलेक्ट्रॉन गमावून बसतात हे तर खरेच, पण ते मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या एकाच आंदोलनात प्रकाशवेगाच्या इतके निकट पोचतात की, आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवाचून त्यांचा हिशेब लागत नाही. असा घन, तप्त आणि क्षणजीवी प्लाझ्मा एरवी ताऱ्यांच्या गाभ्याशिवाय क्वचितच सापडावयाचा. तो आता एका मेजावर घडविता येतो.

घडविणे सोपे आहे असे मात्र नाही. मुख्य स्पंदाच्या आगेमागे थोडाफार प्रकाश सांडतोच. मुख्य स्पंदाची तीव्रता १ वर २० शून्ये इतकी असेल, आणि त्याच्या दशलक्षांश प्रकाश जरी आधी येऊन पोचला, तरी त्याची तीव्रता १ वर १४ शून्ये एवढी भरते, आणि ती लक्ष्याचा पृष्ठभाग फोडून विखुरण्यास पुरेशी असते. सबब, खरा स्पंद येतो तेव्हा स्वच्छ घन पदार्थाऐवजी विरळ ढगच त्याच्या वाट्याला येतो, आणि प्रयोग फुकट जातो. यावर काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. वाटेत एक साधी पारदर्शक काच तिरपी ठेवतात. आगंतुक दुर्बळ प्रकाश तिच्यातून आरपार निघून जातो, आणि मुख्य स्पंद येताच तिचा पृष्ठभाग प्लाझ्मा होऊन आरशासारखा चकाकतो व स्पंदाला लक्ष्याकडे परावर्तित करतो. प्लाझ्माच्या अभ्यासासाठी प्लाझ्माचाच आरसा. अर्थात प्रत्येक स्पंदागणिक काचेचा नवा भाग पुढे सरकवावा लागतो.

या प्लाझ्मात काय घडते, हे मोजण्याच्या कामात मुंबईचा वाटा मोठा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदाने घन लक्ष्यावर प्लाझ्मा निर्माण केला, आणि त्यापाठोपाठ नियत विलंबाने दुसरा, सौम्य शोधकिरण सोडून त्याच्या ध्रुवणात प्लाझ्मातील चुंबकीय क्षेत्रामुळे पडलेला फरक टिपला. विलंब बदलत गेले, की या क्षेत्राचा चढ-उतार क्रमाक्रमाने उलगडतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात २७ मेगागॉस इतके क्षेत्र आणि त्याचा अवघा ६ पिकोसेकंदांचा कालावधी नोंदलेला आहे. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असल्यामुळे हे त्याच्या पाच कोटी पटींहून अधिक झाले. या कामाच्या सैद्धांतिक बाजूला गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे प्रेधिमान काव यांच्यासारखे अधिकारी पुरुष होते. मुख्य म्हणजे हा प्रयोग आजच्या मानाने अगदी माफक तीव्रतेच्या लेसरावर झाला.

उपयोगांपैकी सर्वांत आकर्षक म्हणजे कणत्वरक. तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी १९७९ साली असे सुचविले होते की, विरळ प्लाझ्मातून लेसर-स्पंद गेला असता त्याच्या मागे जी लाट उठते तिच्यावर स्वार होऊन इलेक्ट्रॉन थोडक्या अंतरात प्रचंड ऊर्जा मिळवतील. योग्य लेसर हाती येईपर्यंत ही कल्पना कागदावरच होती. २०१९ साली बर्कली येथे २० सेंटीमीटर लांबीच्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉनांना ७.८ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा दिल्याचे प्रसिद्ध झाले. एवढ्यासाठी जुन्या धर्तीच्या त्वरकाला शेकडो मीटर जागा लागते.

विक्रमांचा इतिहास थोडक्यात आटोपतो. पहिला पेटावॅट लेसर १९९६ साली लिव्हरमोर येथे झाला. रुमानियातील मागुरेले येथे आता दहा पेटावॅट उपलब्ध आहेत. दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी २०२१ साली १ वर २३ शून्ये ही तीव्रता गाठल्याचे जाहीर केले. (२०२२ साली गाजलेला अमेरिकेतील संमीलनाचा प्रयोग १९२ किरणांचा आणि पुष्कळ लांब स्पंदांचा होता, त्याची या लेसरांशी गल्लत करू नये.) निर्वात पोकळीतूनच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या जोड्या उपजाव्यात यासाठी १ वर २९ शून्ये इतकी तीव्रता लागेल असे गणित सांगते, व तो पल्ला अद्याप फार दूर आहे.

या चढाओढीचे मोल मी कमी लेखीत नाही. तथापि माझ्या मते शास्त्राची खरी पुंजी विक्रमांपेक्षा कुलाब्यासारख्या मोजणीत आहे, आणि ती मोजणी आपल्या आवाक्यातली आहे. आमच्या महाविद्यालयांत लेसरचा पाठ बहुधा मेमन यांच्या माणकापाशी सुरू होऊन हीलियम-निऑनच्या नळीपाशी संपतो. जे प्राध्यापक हा विषय शिकवितात त्यांना विनंती एवढीच की, त्यांनी तो १९८५ पर्यंत न्यावा, आणि मग कुलाब्यातील त्या सहा पिकोसेकंदांची हकीकतही विद्यार्थ्यांना सांगावी.