ब्रेक पॅड : बदलायचे कधी?

नव्या पॅडचं अस्तर साधारण १० ते १२ मिमी जाड असतं. ३ मिमीवर आलं की पॅड बदलायचे. पुढच्या किंवा मागच्या दोन्ही चाकांचे एकदमच.

• बारीक किंचाळी : पॅडवरची इशारापट्टी डिस्कला घासते आहे.
• खरखर : अस्तर संपलं, लोखंडावर लोखंड. आता डिस्कचाही खर्च.
• ब्रेक ऑइल : पॅड झिजतील तशी पातळी उतरते. गळतीही असू शकते.
• पेडल थरथरतं : पॅडपेक्षा डिस्क तपासा.
• ड्रम : बहुतेक छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत पॅड नसतात, लायनर असतात.

घाटात : मांजरसुंबा किंवा धारूरचा घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. सतत दाबलेला ब्रेक तापतो, पकड कमी होते आणि पॅडही लवकर झिजतात.