पट्टा मिळाला, टीपी कुठंय?

कायदा झाला, कागद हातात आला, पेपरात फोटोही आला. पण गावात खरंच काय बदललं, हे तपासायचं कुणी? आपल्या मेंढा(लेखा)नं या प्रश्नाचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय. आणि हाच प्रश्न तिकडे युरोपातही विचारला जातो!

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलात की मेंढा(लेखा) येतं. गोंड आदिवासींचं छोटंसं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावची.

२००६ साली संसदेनं वनहक्क कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या जंगल सांभाळणाऱ्या गावांना त्या जंगलावरचा हक्क मिळण्याची वाट खुली झाली. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. खूप कौतुक झालं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण खरी गोष्ट इथूनच सुरू झाली.

गाडी अडली कुठं?

बांबूवर! वनहक्क कायदा स्पष्ट सांगतो की बांबू हे गौण वनोपज. म्हणजे तो तोडायचा आणि विकायचा हक्क गावाचा. पण बांबू ट्रकमध्ये भरून रस्त्यावर आणायचा, तर वाहतूक परवाना हवा. त्यालाच सगळे टीपी म्हणतात. आणि ती मिळेना. का? तर १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता. एक कायदा म्हणे वनोपज, दुसरा म्हणे झाड. जंगल गावाचं, बांबू गावाचा, पण माल जंगलाबाहेर काढायची सोय नाही.

आता विचार करा. त्या काळातला सरकारी तक्ता कुणी उघडला असता, तर मेंढ्याच्या नावापुढे काय दिसलं असतं? ‘दावा मंजूर’. काम फत्ते! गाडी अडलीय, हे फक्त गावाला माहीत होतं.

पण गाव गप्प बसलं नाही. मेंढ्यात अभ्यासगटाची जुनी सवय. एखादा विषय घ्यायचा, जाणकारांना बोलवायचं, समजून घ्यायचं आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीनं ठरवायचं. देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही सवय गावासोबत वर्षानुवर्षं जोपासली. त्यामुळे कायद्यात काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय होतंय, यातलं अंतर गावाला नेमकं दाखवता आलं.

मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बांबूला गौण वनोपज माना, असं मुख्यमंत्र्यांना पत्रानं कळवलं. २७ एप्रिल २०११ ला ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासोबत स्वतः मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे २०१२ मध्ये कायद्याचे नियमही सुधारले गेले. एका गावानं दाखवलेली अडचण देशभरच्या गावांच्या कामी आली.

क्रोएशियातले ११२ मुद्दे

आता जरा लांब जाऊ. युरोपियन युनियनमध्ये यायचं तर देशाला आधी घर नीट करावं लागतं. न्यायालयं स्वतंत्र हवीत, भ्रष्टाचाराला आळा हवा. क्रोएशियाच्या वाटाघाटी २००५ मध्ये सुरू झाल्या. सरकार म्हणे, सुधारणा झाल्या! तेव्हा २०११ मध्ये तिथल्या साठहून जास्त संस्था एकत्र आल्या आणि त्यांनी ११२ मागण्यांची यादीच मांडली. गटाचं नावही ‘प्लॅटफॉर्म ११२’. त्यांचं म्हणणं साधं होतं. कायदा पास होणं वेगळं आणि तो चालणं वेगळं. एकदा सदस्यत्व मिळालं की बाहेरचा दबाव ओसरणार, म्हणून तपासायचं ते आत्ताच तपासा. १ जुलै २०१३ ला क्रोएशिया सदस्य झाला.

मेंढ्याचा पट्टा आणि क्रोएशियाचं सदस्यत्व, दोन्हीकडे धोका एकच. कागद मिळाला की सगळे निवांत होतात.

पहारेकऱ्यावर पहारा कुणाचा?

लक्ष फक्त सरकारवर ठेवून भागत नाही. हक्क आला की जबाबदारी आली, पैसा आला की हिशेब आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गावानं जंगलाचे नियम स्वतः लिहून काढले. तेंदूपत्त्यासाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात, म्हणून पानं तोडणंच थांबवलं. हाती येणारा पैसा सोडायला हिंमत लागते. दुसऱ्याला जाब विचारायचा अधिकार अशा वागण्यातूनच मिळतो.

तुम्ही काय करू शकता?

- अठरा पूर्ण झालीत? मग तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. सुट्टीत गावी गेलात की सभेला जाऊन बसा.
- हजेरी मोजा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला.
- गावाच्या दाव्याची फाइल कुठं अडलीय, ते माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर.
- आलेलं उत्तर ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा. फाइलमध्ये ‘मंजूर’ आणि जंगलात अडवणूक असेल, तर ते सगळ्यांत आधी गावालाच कळेल.