विश्लेषण : २४ सामन्यांचा फुटबॉल हंगाम १३ वर कसा आला? मुंबई-पनवेल पट्ट्याला त्याचा फटका काय?

एरवी गणपती-नवरात्राच्या सुमारास सुरू होणारी इंडियन सुपर लीग (आयएसएल) यंदा १४ फेब्रुवारी २०२६ रोजी सुरू होत आहे. हंगाम पाच महिने लांबला, सामने जवळपास निम्म्यावर आले आणि मुंबई सिटी एफसीचा परदेशी भागीदारही याच काळात बाहेर पडला. देशातील अव्वल फुटबॉल लीगवर ही वेळ का आली, याचा आढावा.

लीग थांबली कशामुळे?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने (एआयएफएफ) डिसेंबर २०१० मध्ये आपले व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले होते. रिलायन्स समूहाच्या फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड (एफएसडीएल) कंपनीने याच कराराच्या आधारे २०१४ पासून आयएसएल चालवली. करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता. हंगाम मात्र सप्टेंबर ते एप्रिल-मे असा चालतो. म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या तृतीयांशातच आयोजकाचे हक्क संपणार होते. नूतनीकरणाची बोलणी व्हावीत, तर महासंघाच्या घटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते आणि निकालापर्यंत नव्या अटींवर निर्णय घेण्यास महासंघाला मनाई होती. अखेर ११ जुलै २०२५ रोजी एफएसडीएलने हंगाम स्थगित ठेवत असल्याचे क्लबना कळवले.

न्यायालयाच्या निकालानंतरही प्रश्न का सुटला नाही?

सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर रोजी काही बदलांसह घटनेला मान्यता दिली. त्यानंतर महासंघाने नव्या व्यावसायिक भागीदारासाठी निविदा काढली. वर्षाला किमान ३७.५ कोटी रुपये देण्याची त्यात अट होती. ७ नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. लीग चालवण्याचा खर्च मोठा, प्रक्षेपणातून मिळणारे उत्पन्न तुटपुंजे आणि बहुतेक क्लब तोट्यात, अशा स्थितीत हमी रक्कम भरायला कोणी पुढे आले नाही. दरम्यान, गोव्यात सुपर चषक खेळवून खेळाडूंना थोडे सामने मिळवून देण्यात आले. अखेर केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी ६ जानेवारी रोजी सर्व १४ क्लब खेळणार असल्याचे जाहीर केले.

नव्या हंगामाचे स्वरूप कसे?

प्रत्येक संघ दुसऱ्या संघाशी एकदाच खेळेल. १४ संघांचे मिळून ९१ सामने होतील. गेल्या हंगामात १३ संघ परस्परांशी दोनदा खेळले होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला २४ साखळी सामने आले होते. आता १३ सामन्यांत सर्वांना घरच्या मैदानावर सारखेच सामने मिळणार नाहीत. एखाद्या संघाशी बाहेर खेळून हरल्यास घरच्या प्रेक्षकांसमोर परतफेडीची संधी नाही. आशियाई स्पर्धांत प्रवेशासाठी हंगामात साखळी आणि चषक मिळून किमान २४ सामन्यांचा निकष आहे. त्यातही हा हंगाम बसत नाही.

खेळाडूंना काय सोसावे लागले?

बेंगळूरु एफसीने ऑगस्टमध्ये मुख्य संघातील खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे वेतन बेमुदत थांबवले. इतर काही क्लबनीही कामकाज आवरते घेतले. सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन यांसारख्या खेळाडूंना जानेवारीत थेट ‘फिफा’कडे मदतीची हाक द्यावी लागली. फुटबॉलपटूची उमेदीची वर्षे दहा-बारा. त्यातील अर्धे वर्ष सामन्यांविना गेले, तर ते भरून येत नाही. राष्ट्रीय संघाची अवस्थाही याच काळात बिकट झाली. ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७ च्या आशिया चषकाची दारे बंद झाली. प्रशिक्षक खालिद जमील यांना पुरेसे सामने न खेळलेल्या खेळाडूंतून संघ निवडावा लागत होता.

मुंबई सिटीचे काय?

मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीत ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर क्लबने २०२०-२१ आणि २०२२-२३ मध्ये साखळीतील अव्वल स्थानाची शील्ड, तर २०२०-२१ आणि २०२३-२४ मध्ये आयएसएल करंडक जिंकला. लीगच्या व्यावसायिक भवितव्याबाबतची अनिश्चितता पाहून हा समूह डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर पडला. क्लब पुन्हा मूळ मालकांकडे आला आहे. मुंबईला अशी धास्ती नवी नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, पण २०१० मध्ये तो संघच बंद झाला. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसीही दहा वर्षांत थांबला. खालिद जमील महिंद्रकडून खेळले आणि मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. आज हे दोन्ही संघ नाहीत.

पनवेलच्या मुलांशी याचा संबंध काय?

पनवेल-नवी मुंबईत मैदानांची वानवा नाही. खारघरला सिडकोचे फुटबॉल सेंटर ऑफ एक्सलन्स आहे. हार्बर मार्गावरच्या नेरुळमध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले, २०२२ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची अंतिम लढत झाली. याच मैदानावर नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई सिटी सौदी अरेबियाच्या अल हिलालशी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. पण मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला पुढची पायरी दिसावी लागते. अकादमी, क्लबचा युवा संघ, मग मुख्य संघ, ही ती वाट. क्लबचे पैसे आटले की पहिली कात्री सहसा युवा संघांनाच लागते. मुलाला फुटबॉलमध्ये पुढे पाठवावे की नाही, हे ठरवताना पालक वरच्या लीगकडेच पाहतात.

पुढे काय?

यंदाचा हंगाम ही तात्पुरती डागडुजी आहे. दीर्घ मुदतीचा भागीदार, क्लबना उत्पन्नात रास्त वाटा आणि आधीच ठरलेले वेळापत्रक या तीन गोष्टी जमल्या नाहीत, तर पुढच्या गणपतीतही हाच प्रश्न समोर येईल.