मर्यादा लिहिली, पण लागली का?

जळगाव, बांभोरी, धुळे, शिरपूर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकाला ‘फोर्क’ असतोच. एका प्रोसेसमधून दुसरी प्रोसेस जन्माला घालणारा हा आदेश. विद्यार्थ्याच्या हातून तो न थांबणाऱ्या लूपमध्ये पडला, की दोनाच्या चार, चाराच्या आठ होत प्रोसेस वाढत जातात आणि सगळ्या वर्गाचा सामाईक लिनक्स सर्व्हर बसतो. मग प्रयोगशाळा सांभाळणारे सर ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये प्रत्येकाला २०० प्रोसेसची मर्यादा लिहून ठेवतात. पुढच्या तासाला सर्व्हर पुन्हा बसतो आणि निकाल ठरलेला असतो: ‘ही फाइल काही चालत नाही.’

फाइल बहुतेक वेळा चालत असते. चुकतो तो तिच्याबद्दलचा समज.

सगळ्यात मोठा गैरसमज हा, की मर्यादा वापरकर्त्याला लागते आणि फाइलमध्ये लिहिली की लागते. लिनक्सचा कर्नल ही फाइल कधी वाचतच नाही. कर्नलच्या लेखी मर्यादा प्रत्येक प्रोसेसच्या अंगाला चिकटलेली असते, आणि नवी प्रोसेस ती आपल्या जन्मदात्या प्रोसेसकडून जशीच्या तशी घेते. फाइल वाचण्याचं काम ‘पॅम’ या लॉगिन व्यवस्थेतल्या ‘पॅम लिमिट्स’ या मॉड्यूलचं, तेही फक्त सत्र उघडताना. धुळे जिल्ह्यात पांझरेवरच्या फड पद्धतीत कुणाला किती पाणी हे ठरलेलं असलं, तरी पाटकऱ्याने बारं उघडल्याशिवाय ते शेतात पोहोचत नाही. इथे पाटकरी म्हणजे हे मॉड्यूल. ज्या वाटेने प्रोसेस आली त्या वाटेवर ते नसेल, तर फाइलमधली ओळ कितीही बिनचूक असो, तिचा उपयोग शून्य.

म्हणून फाइल बदलली तरी आधीपासून लॉगिन असलेल्यांना काहीही फरक पडत नाही. बाहेर पडून पुन्हा यावं लागतं, आणि इथेही एक फसगत आहे. ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ वापरणारा माणूस बाहेर पडला तरी त्याचा टीमक्स सर्व्हर मागे चालूच राहतो. परत येऊन त्यात उघडलेली प्रत्येक नवी खिडकी त्या जुन्या सर्व्हरची जुनीच मर्यादा घेऊन येते. ग्राफिकल डेस्कटॉपवर ग्नोमचं टर्मिनलसुद्धा सेवा सुरू करणाऱ्या ‘सिस्टिमडी’च्या वापरकर्ता-व्यवस्थापकाच्या हाताखाली सुरू होतं आणि मर्यादाही त्याच्याकडूनच घेतं. त्यामुळे एसएसएचने एक आकडा आणि समोरच्या पडद्यावर दुसराच आकडा, असं दिसू शकतं. एसएसएचच्या सेटिंगमध्ये ‘यूजपॅम’ बंद असेल, तर त्या वाटेवर पाटकरीच नाही.

दुसरा गैरसमज सेवांबद्दलचा, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ हाच खातो. महाविद्यालयाच्या प्रवेशाचा किंवा निकालाचा डेटाबेस ऐन गर्दीत ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणून अडतो. कुणीतरी लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये ‘मायएसक्यूएल’ या वापरकर्त्यासाठी ६५५३६ फाइल्सची ओळ घालतो. खात्री म्हणून ‘एसयू’ने त्या वापरकर्त्याच्या शेलमध्ये जातो, ‘यूलिमिट’ला विचारतो आणि उत्तरही ६५५३६ येतं. तरी डेटाबेस अडलेलाच! कारण साधं आहे. ‘एसयू’ पॅमच्या वाटेने गेला, म्हणून त्या शेलला नवी मर्यादा मिळाली. डेटाबेस मात्र मशीन सुरू होताना सिस्टिमडीने उठवलेला, त्याने लॉगिन कधी केलंच नाही. त्याची मर्यादा सेवेच्या युनिट फाइलमध्येच लिहावी लागते: ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने जोडफाइल उघडायची, ‘सर्व्हिस’ विभागात ‘लिमिटनोफाइल’ समोर आकडा घालायचा आणि सेवा नव्याने सुरू करायची. नुसतं ‘डेमन-रिलोड’ पुरत नाही, चालू प्रोसेस त्याने बदलत नाही.

खरा आकडा पाहायचा तर चालत्या प्रोसेसलाच विचारावं. ‘प्रॉक’ या फोल्डरात प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘लिमिट्स’ नावाची फाइल. ती उघडली की प्रत्येक मर्यादेची सॉफ्ट आणि हार्ड किंमत शेजारी शेजारी दिसते. सॉफ्ट म्हणजे आत्ता लागू असलेली, हार्ड म्हणजे सॉफ्ट कुठवर वाढवता येईल तो माथा. तक्रार आली की सगळ्यात आधी हीच फाइल बघावी. रूटला ‘पीआरलिमिट’ने चालू प्रोसेसची मर्यादा जागच्या जागी बदलताही येते. कर्नल २.६.३६ पासून ही सोय आहे आणि सेवा बंद करणं परवडत नसेल तेव्हा ती फार कामाची.

‘यूलिमिट’ला बरेच जण स्वतंत्र प्रोग्रॅम समजतात आणि त्याच्यापुढे ‘सुडो’ लावतात. तो शेलचा अंगभूत आदेश आहे. सुडोला तो एकतर सापडत नाही, किंवा काही वितरणांत त्या नावाची छोटी स्क्रिप्ट असते, ती स्वतःपुरती मर्यादा बदलून संपते. आपल्या शेलला त्याचा पत्ताही नसतो. बॅशमध्ये आणखी एक काटा आहे. ‘यूलिमिट’ला उघड्या फाइल्ससाठी नुसता ५१२ हा आकडा दिला, की सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही खाली येतात. त्याच शेलमध्ये लगेच १०२४ करायला जा, नकार मिळतो. साध्या वापरकर्त्याला हार्ड मर्यादा खाली आणता येते, पुन्हा वर नेता येत नाही. प्रयोग करताना सॉफ्टचा पर्याय वेगळा द्यावा.

आता ‘ओळ तर बरोबर आहे, मग कुणी खाल्ली?’ या प्रश्नाकडे. लिमिट्स डॉट कॉन्फ वाचून झाल्यावर मॉड्यूल ‘लिमिट्स डॉट डी’ या फोल्डरातल्या फाइल्स वाचतं. तारांकन लावून सगळ्यांसाठी लिहिलेल्या दोन ओळी भिडल्या, तर नंतर वाचलेली जिंकते. रेड हॅट ६ मध्ये त्या फोल्डरात प्रोसेसची सॉफ्ट मर्यादा १०२४ ठेवणारी फाइल आधीपासून असे, रेड हॅट ७ मध्ये तोच आकडा ४०९६ झाला. मुख्य फाइलमध्ये तारांकनाने लिहिलेला आकडा तिच्यापुढे गळून पडायचा. नाव घेऊन लिहिलेली ओळ मात्र गटाच्या ओळीला भारी आणि गटाची ओळ तारांकनाला भारी, मग क्रम कुठलाही असो. तारांकनाची किंवा गटाची ओळ रूटला लागतच नाही. त्याच्यासाठी ‘रूट’ असं स्पष्ट लिहावं लागतं. आणि सॉफ्ट मर्यादा हार्डपेक्षा मोठी लिहिली, तर मॉड्यूल ती गुपचूप हार्डइतकी कापतं.

प्रयोगशाळेला सगळ्यात जवळचा मुद्दा प्रोसेसच्या मर्यादेचा, म्हणजे ‘एनप्रॉक’चा. उघड्या फाइल्सची मोजणी प्रोसेसगणिक होते, पण एनप्रॉक त्या वापरकर्त्याच्या नावावर मशीनभर चाललेलं सगळं मोजतं, थ्रेडसुद्धा. अनेक ठिकाणी अख्ख्या वर्गाला ‘स्टुडंट’ हे एकच लॉगिन दिलेलं असतं. मग २०० ही मर्यादा प्रत्येकाला नव्हे, तर सगळ्या वर्गात मिळून. दोन-चार जणांनी ब्राउझर किंवा एक्लिप्स उघडला, की बाकीच्यांना साधा ‘एलएस’ देतानाही ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ दिसू लागतं आणि दोष सर्व्हरला जातो. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र खातं देणं हाच इथला खरा उपाय. एकदा बसून केलं की संपलं, आणि कुणाचा प्रोग्रॅम मशीन खातोय हेही लगेच कळतं.

मेमरीबाबतचा गैरसमज तर फाइलच्याच तोंडून येतो. तिच्यात ‘आरएसएस’ नावाची मर्यादा लिहिता येते, म्हणून लोक लिहितात. कर्नल २.४.३० पासून तिचा काहीही परिणाम होत नाही. ‘एएस’ ही मर्यादा चालते, पण ती प्रत्येक प्रोसेसच्या पत्त्यांच्या जागेवर लागते. जावा सुरुवातीलाच मोठी जागा राखून ठेवते, त्यामुळे मर्यादा कमी असेल तर जावाचा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. एका विद्यार्थ्याने मिळून किती मेमरी वापरावी हे ठरवायचं असेल, तर ते काम ‘सीग्रुप’चं, म्हणजे प्रोसेसच्या अख्ख्या गटाला मिळून मर्यादा लावणाऱ्या कर्नलच्या सोयीचं आहे. सिस्टिमडीमध्ये सगळ्या वापरकर्त्यांच्या स्लाइससाठी एक जोडफाइल करून त्यात ‘मेमरीमॅक्स’ आणि ‘टास्क्समॅक्स’ लिहावं. ही मर्यादा वापरकर्त्याच्या सगळ्या सत्रांवर मिळून लागते, तो एसएसएचने आलेला असो वा पडद्यावरून. बिघडलेल्या फोर्कला आवरायलाही मी हीच वाट आधी सुचवेन.

शेवटी एक धोका. वैतागून ‘नोफाइल’समोर ‘अनलिमिटेड’ लिहू नये. उघड्या फाइल्सच्या हार्ड मर्यादेला कर्नलचा ‘एनआर ओपन’ हा माथा आहे, कर्नलमध्ये मुळात १०४८५७६. त्यापलीकडचं मागितलं की कर्नल नकार देतो, आणि जुन्या वितरणांत तेवढ्यावरून सत्रच उघडत नाही. एसएसएच बंद पडतं, आणि रूटसाठीही तसंच लिहिलं असेल तर सुडोसुद्धा. त्यामुळे या फाइलला हात लावताना रूटचं एक सत्र उघडं ठेवावं, दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करून बघावं, आणि ते जमल्यावरच पहिलं बंद करावं.